पत्ता : अडुसष्ट

सिडकोत, पवननगरच्या तिसऱ्या मजल्यावर
सोल्डरचा धूर पंख्याखाली गिरकी घेतो
आणि रेवती म्हणते, पंखा बंद कर, सांधा थंड पडतोय.
मे महिना.
पंखा बंद.

करायचं होतं एवढंच : पतंग.
आभाळ बत्तीस बाय चौसष्ट ठिपक्यांचं,
मेनरोडच्या मागच्या गल्लीतून घासाघीस करून आणलेलं.
एक ओळ कायम लाल, म्हणून दोनशे रुपये कमी.
हातात आसारीच्या दांड्याएवढं खोकं,
खोक्यात नखाएवढी चिप,
हात कुठे कलला, किती जोरात, ती सांगणार.
ढील तर ढील. खेच तर खेच.
तिघांनी उडवायचे, एकमेकांचे कापायचे.

पण या चिपला पत्ते दोनच.
अडुसष्ट, नाहीतर एकोणसत्तर.
तिसऱ्याला पत्ता नाही, बनवणाऱ्यांनीच ठरवलंय.
वाल्मीक हसला. हरसूलहून आला तेव्हा
महिनाभर खोली शोधत फिरला होता तो,
आधी आडनाव विचारायचे, मग भाडं सांगायचे,
किंवा सांगायचेच नाहीत.

तौसिफला रात्री तीनला सुचलं.
सगळ्यांनाच एकोणसत्तर करून ठेवायचं.
ज्याच्याशी बोलायचं, त्याची एक तार खाली ओढायची,
तेवढ्यापुरता तो अडुसष्ट.
विचारायचं, किती कललायस?
ऐकून घ्यायचं, तार सोडायची, पुढचा.
एकोणसत्तरशी कुणी बोलत नाही
पण सेकंदाला शंभरदा प्रत्येकाची पाळी येते,
इतकी भराभर, की बघणाऱ्याला वाटावं
सगळे एकदम बोलताहेत.
वाल्मीक म्हणाला, भारी आहे.
मग बराच वेळ काही म्हणाला नाही.

त्यानंतर आठवडा घसरणीत गेला.
खोकं टेबलावर, कुणी शिवलेलं नाही,
आणि पतंग सावकाश डावीकडे निघालेला.
वारा नाही, हात नाही,
चिपला नुसतं वाटतंय आपण फिरतोय.
म्हणून दर वेळी सुरुवातीला
दोन सेकंद सपाट ठेवून तिला शिकवायचं :
याला म्हणतात स्थिर.
खोली तापली की ती विसरते.
दुपारी आम्हीही.

मीटर का पळतंय बघायला
खालचे खैरनारकाका वर आले.
नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून रिटायर, मूळचे येवल्याचे.
कशाला विचारलं नाही, खोकं उचललं
आणि मनगट एकदाच झटकलं.
पतंग सुटला, आणि मध्येच थबकला
डोकं छताला आपटल्यासारखा.
पुन्हा झटका. पुन्हा तेच.
बिघडलंय तुमचं, म्हणाले, आणि जिना उतरले.

आलेख काढून पाहिला.
सगळी शिखरं वरून सपाट, विळीवर धरल्यासारखी.
दोन जीच्या पुढे मोजू नकोस
असं आम्हीच लिहिलं होतं प्रोग्राममध्ये
आमची मनगटं बघून.
चौतीस वर्षं कोऱ्या कागदाचे ताव
फर्रकन पलटत मोजणारं मनगट,
त्याआधी गच्चीवर मांजा घसटत वाढलेलं,
आमच्या हिशेबात बसलंच नव्हतं.

एक आकडा बदलला. दोनाचे आठ.
बारीक हालचाल जरा भरड झाली.
होऊ दे.

रविवारी काकांना बोलावून आणलं,
वाल्मीकनं आपलं खोकं दिलं.
रेवतीचा गेला चौथ्या मिनिटाला,
तौसिफचा त्याच झोलात,
आणि काका असे ओरडले वकाऽऽट
की खालून काकूंचा आवाज, अहो, काय झालं?

काकांनी खोकं ठेवलं.
उजव्या हाताची तर्जनी उलटसुलट करून पाहिली,
कापलंय का ते बघतात तशी.
काहीच लागत नाही रे याचं, म्हणाले.

रेवतीनं यादीत सर्वांत खाली लिहिलं :
बोटाला कळलं पाहिजे.
कसं, ते अजून सुचलेलं नाही.
आभाळातली ती एक ओळ लालच आहे.